परतीची वाट आधी बांध

प्रिय,

अनेक आशीर्वाद. नोकरी सोडून नेटवर्क-व्यवस्थापनाच्या स्वयंचलनावर संशोधन करावे की नाही, ही तुझी घालमेल समजली. पण मला खटकले ते तुझ्या टिपणातले वाक्य, ‘चारशे स्विचवर बदल चार मिनिटांत पोहोचतो.’ चुकलेला बदल किती वेळात परत फिरतो, हे तू लिहिलेलेच नाहीस.

मीही लिहिले नव्हते. ट्रंक पोर्टवर, म्हणजे स्विचांना जोडणाऱ्या सामाईक जोडणीवर, एक व्हीलॅन (त्याच तारांवरचे वेगळे आभासी नेटवर्क) वाढवताना माझ्या स्क्रिप्टमधला ‘ॲड’ हा शब्द राहून गेला. त्या शब्दावाचून स्विच नवे व्हीलॅन यादीत मिळवत नाही, जुनी यादीच पुसतो. व्यवस्थापनाचे व्हीलॅनही त्यात गेले आणि दुरून दुरुस्ती करण्याचा मार्ग मी स्वतःच बंद केला. रात्री दोन वाजता स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल घेऊन तळेगाव गाठले आणि उजाडेपर्यंत एकेका स्विचपुढे उकिडवा बसून राहिलो.

उपाय तेव्हाही होता, हे अधिक बोचते. एसएनएमपी हा यंत्रांची माहिती दुरून विचारण्याचा प्रोटोकॉल देखरेखीला ठीक, पण संरचना (कॉन्फिगरेशन) बदलायला कमांड लाइनच लागते, ही नेटवर्क चालवणाऱ्यांची अडचण २००२ च्या अमेरिकेतील रेस्टन येथील कार्यशाळेत स्पष्टपणे मांडली गेली होती. पुढे २००६ मध्ये नेटकॉन्फ हे संरचना दुरून बदलण्याचे प्रमाणक आले. त्यातल्या ‘कन्फर्म्ड कमिट’ या ऐच्छिक सोयीत ठरल्या मुदतीत, एरवी ६०० सेकंदांत, पुष्टी मिळाली नाही तर यंत्र आपणहून जुन्या संरचनेवर परतते. मला ती दिरंगाई वाटली होती.

पूर्वतपासणी पुरेशी आहे, हे कृपा करून सांगू नकोस. बदल लावण्याआधीच संरचनेतल्या चुका शोधणारी बॅटफिशसारखी साधने अवश्य वापर. पण ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचा बॅकबोन, म्हणजे डेटा सेंटरांना जोडणारे मुख्य जाळे, एका देखभालीच्या आज्ञेने तुटला, तेव्हा अशी आज्ञा अडवणाऱ्या साधनातच दोष निघाला आणि अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावे लागले. तपासणाराही चुकतो. म्हणून परतीची वाट आधी, वेग नंतर.

तळेगावनंतर परतीची चाचणी झाल्याशिवाय मी एकही बदल पुढे जाऊ दिला नाही. त्यापायी बढती हुकली, वरिष्ठांनी मला अडवणूक करणारा म्हटले. अडवत होतोच, आणि त्यात माझे चुकले असे आजही वाटत नाही.

संशोधनाला खुशाल जा. मात्र त्याआधी तीन स्विच मांड, बदल चालू असताना व्यवस्थापनाची केबल उपट, आणि ते किती सेकंदांत पूर्वपदावर येतात ते मोजून मला कळव.