शर्यतीतून निवृत्त घोडा घरी आणताना

प्रश्न : सासवडजवळ आमची तीन एकर जमीन आहे. दत्तक संस्थेकडून पुण्याच्या रेसकोर्सवरचा निवृत्त थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) आणायचा आहे. घरचं हत्तीगवत आहे, तेवढ्यावर भागेल का?

उत्तर : नाही, खरा धोका तिथेच आहे. हत्तीगवतातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने तेच खाल्लं की हाडं ठिसूळ होतात, जबडा सुजतो. मुख्य चारा वाळलेलं गवत ठेवा, ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला ८ ते ९ किलो, जोडीला थोडं लसूणघास. चंदी (धान्याचा खुराक) एकदम तोडू नका. दहा-चौदा दिवसांत उतरवा, नाहीतर पोटशूळ उठतो. शर्यतीच्या घोड्यांना जठरात व्रण सर्रास असतात, म्हणून पोट तासन्‌तास रिकामं राहू देऊ नका.

शर्यतीचे नाल ॲल्युमिनियमचे, तळवा बहुधा पातळ. नाल काढून लगेच मुरमावर सोडला तर लंगडलाच समजा. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी हवाच.

करारावर सही करण्याआधी पुढच्या पायांच्या नळीमागून (गुडघ्याखालच्या हाडामागून) हात फिरवा. केळ्यासारखा बाक किंवा ऊब लागली तर तिथला कंडरा (स्नायूचा दोर) दुखावलेला असू शकतो; पशुवैद्यांकडून सोनोग्राफी करून घ्या. असा घोडा सांभाळता येतो, मात्र स्वारीचं पशुवैद्यांना विचारूनच ठरवा. मायक्रोचिपचा नंबर कागदांशी ताडा, ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा अहवाल आणि धनुर्वाताच्या लशीची नोंद मागा.

कुंपणाची काटेरी तार आधी काढा. बिथरलेला थरोब्रेड सरळ तारेत घुसतो. आणि त्याला एकटं ठेवू नका. दुसरा घोडा नसेल तर निदान शेळी तरी सोबतीला द्या.