दाखला काढा, पण गणित सोडायची घाई नको

प्रश्न : माझा मुलगा सांगली जिल्ह्यातल्या अनुदानित मराठी शाळेत नववीला आहे. तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, पण लिहायला बसला की अक्षरं गळतात, २१ चे १२ होतात. खासगी समुपदेशकांनी तपासून अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन-गणितात येणारी अडचण, असल्याचं सांगितलं. वर्गशिक्षक म्हणतात, दिव्यांगत्वाचा दाखला आणा, बीजगणित-भूमिती सोडून अंकगणित घ्या, पास होईल. त्याचे वडील म्हणतात, दाखला काढला की जन्माचा शिक्का बसला. मुलाला वायरिंगची, मोटार खोलून बघायची फार आवड. काय करावं?
– एक आई

उत्तर : ताई, दाखला काढायचा का, याचं उत्तर हो, आणि लवकर. गणित सोडायचं का, याचं उत्तर सध्या तरी नको. सरांनी दोन्ही एका दमात सांगितलं, म्हणून ती एकच गोष्ट वाटते. तशी ती नाही.

आधी वडिलांचं बोलू. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हतीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले, त्यात ती आली. त्यांच्या पिढीत अशी मुलं 'ढ' ठरून शाळेबाहेर पडली, त्यामुळे त्यांची धास्ती मला कळते. पण त्यांना एवढं सांगा, की हा कागद कुठेही आपणहून दाखवावा लागत नाही. सवलत मागायची तिथेच तो काढायचा. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शाळा हे मेहरबानी म्हणून देत नाही.

समुपदेशकांचा अहवाल जपून ठेवा, पण बोर्डाला तो पुरत नाही. शासकीय रुग्णालयाचाच दाखला लागतो. त्यासाठी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा आणि सिव्हिलमध्ये या तपासणीचा वार कोणता, ते विचारून घ्या. बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, डोळे आणि कान असं सगळं बघतात, एका खेपेत उरकत नाही. जाताना मुलाच्या वह्या आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका न्या. डॉक्टरांना त्या फार उपयोगी पडतात.

आता गणित. पात्र दिव्यांग मुलांना आपल्या बोर्डात अंकगणिताचा सातवीच्या पातळीचा पेपर घेता येतो, हे सरांचं बरोबर आहे. काही मुलांसाठी ती सवलत फार मोलाची ठरते. पण तुमच्या मुलाचा हात विजेच्या कामात आहे. आयटीआयच्या वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियनच्या प्रवेशाला दहावीत गणित आणि विज्ञान असावं लागतं. तारतंत्री, म्हणजे वायरमनला आठवी पासही चालते. दोन्ही दोन वर्षांचेच. दहावीनंतर असा दोन वर्षांचा ट्रेड केला, तर पुढे पदविकेच्या, म्हणजे इंजिनीअरिंग डिप्लोमाच्या, थेट दुसऱ्या वर्षाचं दारही उघडतं. अंकगणित घेऊन वायरमन होता येईल, पण इलेक्ट्रिशियनची वाट नववीतच बंद का करायची? त्यातून त्याची मुख्य अडचण लिहिण्यात आहे, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. गणित डोक्यात येतं की नाही, हे त्या चाचण्यांतूनच कळेल. डॉक्टरांना हा प्रश्न नेमका विचारा. तिथे 'गणित खरंच जमणार नाही' असं निघालं, तर अंकगणित घ्या, मनात किंतू ठेवू नका. मग वायरमनचा ट्रेड उत्तम.

तोवर वेळ आणि लेखनिक मागा. तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. पुढे जेईईसारख्या प्रवेशपरीक्षांतही दिव्यांग उमेदवारांना हेच प्रमाण लागू होतं. गणिताला कॅल्क्युलेटरही मागता येतो, मोबाइलमधला मात्र चालत नाही. दाखल्यावर अक्षमता ४० टक्के किंवा जास्त असेल, तर शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव असतात.

लेखनिकाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पालक इथेच गाफील राहतात. लेखनिक खालच्या वर्गातला असतो. त्याला समीकरण 'सांगून' लिहून घेणं ही वेगळीच कला आहे. 'कंस सुरू, दोन एक्स अधिक तीन, कंस पूर्ण, त्याचा वर्ग' असं न अडखळता सांगता आलं पाहिजे. भूमितीच्या आकृतीत तर भल्याभल्यांची तारांबळ उडते. दहावीच्या फेब्रुवारीत पहिल्यांदा लेखनिक घेतलेला मुलगा गोंधळतोच. म्हणून नववीच्या घटक चाचण्यांपासूनच शाळेकडे लेखनिक मागा, आणि घरी धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या आठवीतल्या मुलाला बसवून सराव करा. लिहिणं अजिबात सोडायचं, असं मात्र नाही. रोज पानभर लिहू दे.

सवलतीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. दहावीचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आसपास भरतात, त्याआधी दाखला हातात हवा. अर्ज लेखी द्या, कोणकोणत्या सवलती हव्यात त्या एकेक करून लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेच्या शिक्क्याची पोच घ्या. 'आमच्याकडे असं काही नसतं' असं उत्तर आलं, तर तेही लेखी मागा. बहुतेकदा तिथेच सूर बदलतो. नाहीच बदलला, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि त्या वेळी ही पोचच कामी येईल.