कलामांवर दोन मिनिटं, पुढे काय?

प्रश्न : मॅडम, मी मिरजेत एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. यूकेला जायचंय म्हणून आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिली. लिसनिंग-रीडिंगला ७, रायटिंगला ६.५ मिळाले, स्पीकिंग मात्र ६ वर अडलं, ७ हवे होते. क्लासने दिलेली क्यू कार्डच्या (त्यावर बोलायचा विषय दिलेला असतो) उत्तरांची वही मला तोंडपाठ होती. 'आदर वाटणारी व्यक्ती' हेच कार्ड आलं. अब्दुल कलामांवरचं उत्तर मी घडाघडा म्हटलं, तरी परीक्षकाने मध्येच थांबवलं. पुढच्या प्रश्नांना काही सुचेना. माझा ॲक्सेंट कमी पडला का? नाइट ड्युटीमुळे सरावालाही वेळ नसतो.

उत्तर : ॲक्सेंटचं मनातून काढून टाका. उच्चार समजतात का, हे बघतात. तुम्ही लंडनच्या वाटता की मिरजेच्या, याला गुण नाहीत. थांबवल्याचंही वाईट वाटून घेऊ नका. कार्डावर विचार करायला एक मिनिट आणि बोलायला जास्तीत जास्त दोन. वेळ संपली की परीक्षक थांबवतोच.

दुखणं त्या वहीत आहे. अख्खी मुलाखत ११ ते १४ मिनिटांची. कार्डाच्या आधी चार-पाच मिनिटं ओळखीचे विषय, नंतर चार-पाच मिनिटं चर्चा. म्हणजे वही तुम्हाला दोन मिनिटं पुरली, बाकी वेळ तुम्ही उघड्यावर! रामेश्वरम, १५ ऑक्टोबर १९३१, लहानपणी टाकलेली वर्तमानपत्रं हे सगळं एका दमात सांगणारी मुलगी 'समाज योग्य माणसांना मान देतो का?' या प्रश्नावर गप्प झाली, की आधीचं पाठांतर होतं हे परीक्षकाला सांगावं लागत नाही. शिवाय माहितीला गुण नाहीतच. ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार या चार गोष्टींना सारखं वजन आहे. कलामांची जन्मतारीख चुकली असती तरी कुणी तपासली नसती.

आता वेळेचं. सकाळी ड्युटी संपताना तुम्ही पुढच्या नर्सला पेशंटची माहिती, म्हणजे हँडओव्हर, देता ना? 'बेड फोर, पोस्ट-ऑप, डे टू, फीव्हर नाही, टॅब्लेट घेत नव्हते.' घरी गेल्यावर झोपण्याआधी हाच पेशंट फोनच्या रेकॉर्डरला सांगा, पण पूर्ण वाक्यांत आणि हॉस्पिटलमध्ये कधी पाऊल न टाकलेल्या माणसाला सांगावं तसा. 'ही रिफ्यूज्ड टू टेक हिज टॅब्लेट्स बिफोर हिज टी, सो आय आस्क्ड हिज सन टू ब्रिंग सम.' (पेशंटचं नाव अर्थातच घ्यायचं नाही.) असं सांगताना भूतकाळ आपोआप येतो, आणि आपली माणसं नेमकी तिथेच घसरतात : 'ही डिडन्ट टुक', 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स'. ऐकताना एका वेळी एकच चूक शोधा. सगळ्या एकदम शोधायला गेलात तर तोंडच उघडणार नाही.

मग बेड फोरच्या त्याच आजोबांवरून स्वतःला विचारा : म्हातारी माणसं औषधांना का कंटाळतात? पूर्वी घरचे जास्त काळजी घ्यायचे का? मत, कारण आणि वॉर्डातलं एक उदाहरण, अर्धा-पाऊण मिनिट. शेवटच्या भागात हेच लागतं. बेड फोरचे आजोबा 'तुम्ही केलेली मदत', 'अवघड संभाषण', 'लक्षात राहिलेली वयस्क व्यक्ती' अशा कितीतरी कार्डांना चालतील. क्लासवाले वाक्यावाक्यात म्हणी कोंबायला सांगतात, तेवढं ऐकू नका.

उच्चारांत एवढं करा : 'वॉर्ड' म्हणताना ओठांचा चंबू, 'व्हेन'मधून (शिरेतून) रक्त काढताना वरचे दात खालच्या ओठावर. आपण दोन्हीकडे मराठीतला व वापरतो, म्हणून गफलत होते.

आणखी एक. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला स्पीकिंगमध्ये ७ लागतात, पण तिथे ओईटी ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षाही चालते. तिच्यात नर्स आणि पेशंट यांच्यातले दोन प्रसंग वठवायचे असतात (नर्स तुम्ही), प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. प्रत्येक प्रसंगाआधी त्याचं कार्ड वाचायला तीन मिनिटं मिळतात. पुन्हा फी भरण्यापूर्वी तिचा नमुना जरूर बघा. मला विचाराल तर रोज पेशंटची समजूत घालणाऱ्या बाईला ती जास्त जवळची वाटेल.

प्रश्न : प्रश्न नीट ऐकू आला नाही तर पुन्हा विचारलेलं चालतं का? परीक्षक अजिबात हसत नाही, म्हणजे आपलं चुकतंय असं समजायचं का? (एक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : खुशाल विचारा. 'सॉरी, कुड यू रिपीट दॅट?' म्हटल्याने गुण जात नाहीत. अंदाजाने भलतंच बोलत सुटलात तर मात्र पंचाईत. परीक्षकाला प्रश्न आणि वेळ ठरवून दिलेले असतात, मुलाखत रेकॉर्ड होत असते, आणि 'छान बोललात' म्हणायची त्याला मुभा नसते. त्याच्या चेहऱ्यावरून निकाल काढू नका.