पेटीतली सातेरी मधमाशी सहाव्या दिवशी पळाली, चुकलं कुठं?

प्रश्न : मार्चमध्ये आमच्या बांधावरच्या आंब्याला माश्यांचा घोळका लटकला होता, नारळाएवढा असेल. चुलतभाऊ म्हणाला जाळून टाक, मी नाही जाळला, पेटी होती ती लावून आत घेतला आणि पेटी घराच्या पत्र्यावर ठेवली. सहाव्या दिवशी सगळ्या माश्या गायब. आमच्याकडं ऊस आणि हळद. पेटीत काय कमी पडलं?
– एक वाचक, जावळी, सातारा

उत्तर : पहिलं म्हणजे जाळलं नाहीत ते झकास केलंत. तो थवा म्हणजे सातेरीचं घर वाटून निघालेली मंडळी, जुनी राणी अर्ध्याअधिक कामकऱ्यांना घेऊन बाहेर पडते आणि मागच्या घरी नवीन राणी तयार होते. निघताना पोटभर मध पिऊन निघतात म्हणून लटकलेल्या माश्या सहसा चावत नाहीत, उगाच लोक घाबरतात. (आग्या असती तर मात्र मी तुम्हाला लांबच राहा म्हटलं असतं, ती पेटीत राहतच नाही.)

आता पेटी. मार्चचं ऊन आणि वर पत्रा, तिथं माणूस तासभर बसणार नाही तर माशी काय बसेल! झाडाच्या सावलीत, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर स्टँडवर ठेवा आणि स्टँडच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या येतातच. थवा संध्याकाळी भरायचा. ओळखीच्या मधपाळाकडून पिलाव्याचा, म्हणजे अंडी-पिल्लं असलेल्या पोळ्याचा, एक तुकडा मिळाला तर तो केळीच्या सोपटानं चौकटीला बांधून आत ठेवा, पिल्लं दिसली की माश्या सहज सोडून जात नाहीत, हा उपाय मला सगळ्यात भारी वाटतो. पहिले काही दिवस संध्याकाळी साखर-पाणी निम्मं निम्मं करून, पेटीच्या आतच द्या, बाहेर सांडू देऊ नका.

पण खरं सांगू का, माझा संशय पेटीवर कमीच आहे. उसाला मकरंद नाही, हळदीचं मार्चपर्यंत सगळं काढून झालेलं असतं आणि बांध तुम्ही तणनाशक मारून चकाचक केला असणार, बरोबर ना? सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आतच हिंडते, तेवढ्यात तिला काही मिळालं नाही तर ती निघून जाते. त्या महिन्यात डोंगराकडं जांभूळ फुलायला लागतं, तुमची मंडळी बहुतेक तिकडंच गेली.

बांधावर शेवगा लावा, तो लवकर फुलतो. गिरिपुष्पाच्या फांद्या रोवल्या तरी जगतात आणि फेब्रुवारीत गुलाबी होतात, करंज-जांभळाला मात्र वर्षं लागतात, पण लावाच. उसाच्या कडेनं दोन सरी सूर्यफूल नाहीतर बियाण्याची कोथिंबीर चालते. फुलोऱ्यात फवारणी टाळा, अगदीच भाग पडलं तर माश्या परतल्यावर संध्याकाळी मारा. आणि पावसाळ्यात तुमच्याकडं जो धो धो पाऊस पडतो त्यात माशी बाहेर पडूच शकत नाही, तेव्हा साखर-पाणी द्यावंच लागतं, हे मात्र पेटी पुन्हा भरायच्या आधी घरच्यांना सांगून ठेवा, साखरेचा डबा रिकामा झाला की बोलणी तुम्हालाच बसणार.