पाचनंतर वाढलेला टक्का, मारकडवाडी आणि सतरा सी

तुमचा प्रश्न खरं तर तीन प्रश्नांचा आहे. २०२४ च्या विधानसभेला संध्याकाळी पाचनंतर मतदानाचा टक्का एवढा वाढला कसा, मतदानाच्या मशीनमध्ये घोळ होतो का, आणि निकालानंतर माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांना पुन्हा कागदावर मतदान घेऊ का दिलं नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘साध्या मतदाराने विश्वास ठेवायचा तरी कशावर?’ मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंत केंद्राध्यक्ष म्हणून ड्युट्या केल्या आहेत. माझं उत्तर सुरुवातीलाच सांगतो: विश्वास ‘सतरा सी’ नावाच्या कागदावर, म्हणजे केंद्रावर पडलेल्या एकूण मतांच्या सही-शिक्क्याच्या हिशेबावर ठेवा, आणि तो कागद हातात असल्याशिवाय ठेवू नका.

आधी टक्का. २० नोव्हेंबर २०२४ ला पाच वाजता ५८.२२ टक्के सांगितले आणि अंतिम आकडा ६६.०५ आला. ही वाढ बघून कुणाच्याही मनात शंका येईल, त्यात चूक काही नाही. पण पाचचा आकडा तयार कसा होतो ते बघा. केंद्राध्यक्ष दर दोन तासांनी झालेलं मतदान वर कळवतो. कुठे रेंज नसते, कुठे रांग आवरता आवरता कळवायला उशीर होतो, तेव्हा झोनल अधिकाऱ्याकडे काही केंद्रांचे आकडे मागच्या फेरीचेच पडून असायचे. म्हणजे पाचचा आकडा हा अंदाज असतो, हिशेब नसतो. शिवाय आपल्या भागात शेतातलं काम उरकून माणसं चारनंतरच केंद्राकडे वळतात. सहा वाजता दारात जेवढे उभे असतील त्या सगळ्यांना मत द्यायचा हक्क असतो. तेव्हा केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर येतो आणि रांगेतल्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढे येतो, म्हणजे मागून नवा कुणी घुसू शकत नाही. अशा रांगा अंधार पडल्यावरही चाललेल्या मी पाहिल्या आहेत.

निकालानंतर ‘पाच लाख मतं जास्त मोजली’ म्हणून जे मेसेज फिरले, त्याचं उत्तर तर अगदी सरळ आहे. झालेल्या मतदानाचा आकडा फक्त मशीनचा होता आणि मोजलेल्या मतांत टपाली मतं धरलेली होती. राज्यात टपाली मतंच पाच लाखांच्या वर होती.

पण म्हणून निवडणूक आयोगाचं सगळं बरोबर, असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी लोकसभेच्या पहिल्या टप्प्याचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि अंतिम टक्केवारी ३० एप्रिलला जाहीर झाली. अकरा दिवस! प्रत्येक केंद्राचा आकडा त्याच रात्री सही-शिक्क्यानिशी कागदावर असतो, मग तो लोकांसमोर मांडायला काय हरकत आहे? हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा आयोगाने सांगितलं की सतरा सी उमेदवार आणि त्याच्या प्रतिनिधीशिवाय इतरांना द्यायचं कायद्यात बंधन नाही. कायद्याने ते बरोबर असेल. पण लोक शंका घेत असताना कायद्याच्या आड उभं राहणं मला पटत नाही.

आता तो कागद. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटचं, म्हणजे मतं साठवणाऱ्या यंत्राचं, ‘क्लोज’ बटण दाबतो. त्यानंतर त्या मशीनमध्ये एकही मत जात नाही. मग ‘टोटल’ दाबून आलेला आकडा मोठ्याने वाचायचा, मतदार नोंदवहीतल्या सह्यांशी पडताळायचा आणि नमुना १७ सी च्या भाग १ मध्ये लिहायचा. त्यात मशीनचे नंबर असतात, सीलचे नंबर असतात. १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणे याची साक्षांकित प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला द्यावीच लागते. आणि घडतं काय? सकाळी अभिरूप मतदानाच्या वेळी, म्हणजे किमान पन्नास मतं टाकून मशीन तपासतात आणि ‘क्लिअर’ करतात तेव्हा, चार-पाच प्रतिनिधी खुर्च्या टाकून बसलेले असतात. संध्याकाळी प्रती तयार करून ‘या हो, सही करा’ म्हणावं, तर एखाददुसराच उरलेला असतो. बाकीचे गावात अंदाज बांधत बसलेले. तोही प्रत घडी घालून खिशात ठेवतो आणि पुन्हा बघत नाही. ज्या पक्षाचे पुढारी निकालानंतर मशीनवर बोलतात, त्यांच्याकडे मतदारसंघातल्या सगळ्या केंद्रांच्या प्रती एका फायलीत आहेत का, हा प्रश्न तुम्ही विचाराच. मला तरी हे फार लागतं, कारण कायद्याने दिलेलं सगळ्यात धारदार हत्यार हेच आहे.

मोजणीच्या दिवशी तोच कागद पुन्हा येतो. लोकसभेला आपल्याकडे सोलापुरात रामवाडीच्या गोदामात मोजणी झाली. टेबलावर मशीन आलं की आधी सील आणि नंबर बघायचे, मग एकूण मतांचा आकडा सतरा सी शी जुळवायचा, मग ‘रिझल्ट’. जाळीपलीकडच्या मतमोजणी प्रतिनिधीला डिस्प्ले दिसेल असं मशीन धरतात. प्रतिनिधीने उमेदवारवार आकडे स्वतःच्या वहीत उतरवायलाच हवेत, कारण मला मशीनपेक्षा जास्त भीती वाटते ती टेबलापासून निकालाच्या तक्त्यापर्यंतच्या प्रवासाची. हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात २०२२ च्या सरपंच निवडणुकीत एका केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे एकमेकांच्या नावापुढे लिहिले गेले आणि हरलेला सरपंच ठरला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाच्या रजिस्ट्रारसमोर मशीनमधली मतं पुन्हा मोजली, तेव्हा खरा विजयी ५१ मतांनी पुढे निघाला. मशीनने बरोबर सांगितलं होतं, माणसाने चुकीचं लिहिलं होतं. आणि कागद म्हणजे सुरक्षित असं ज्यांना वाटतं त्यांनी जानेवारी २०२४ ची चंदीगडची महापौर निवडणूक आठवावी. तिथे पीठासीन अधिकाऱ्यानेच कॅमेऱ्यासमोर आठ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या आणि सुप्रीम कोर्टाला निकाल फिरवावा लागला.

मारकडवाडीबद्दल. तिथे भाजपचे राम सातपुते यांना १००३ आणि शरद पवार गटाचे उत्तम जानकर यांना ८४३ मतं दाखवली, तर गावकऱ्यांचं म्हणणं की गाव कायम जानकरांच्या बाजूचं. लक्षात घ्या, मतदारसंघात जानकर निवडून आले होते, तरीही लोकांना आपल्या गावचा आकडा पटला नाही. म्हणजे ही हरलेल्यांची रडारड नव्हती. ३ डिसेंबरला त्यांनी स्वतः मतपत्रिका छापून मतदान ठेवलं, प्रशासनाने जमावबंदी लावली, गुन्हे दाखल झाले. माझं मत स्पष्ट आहे: त्या मतदानातून काही सिद्ध झालं नसतं. निकाल कळल्यानंतर, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, कोण आलं आणि कोण घरी बसलं याचा हिशेब न राहता दिलेलं मत हे गुप्त मतदानाची जागा घेऊ शकत नाही. पण पोलीस उभे करून ते थांबवलं, त्याने शंका दुप्पट झाली. त्या केंद्राच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे प्रत्येक मत कुणाला गेलं ते छापून मशीनच्या पेटीत पडणाऱ्या चिठ्ठ्या, गावासमोर मोजल्या असत्या तर विषय एका दुपारी मिटला असता, मग निकाल कुणाच्याही बाजूने लागो. सध्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघात सोडत काढून पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात, तेही २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं म्हणून. त्याआधी एकाच केंद्राच्या मोजायचे. हा आकडा वाढवायची मागणी रास्त आहे आणि आपण ती धरून ठेवली पाहिजे. महापालिका, झेडपीच्या निवडणुकीत तर व्हीव्हीपॅटच नसतं. राज्य निवडणूक आयोगाला हा प्रश्न सोलापूरकरांनी मोठ्याने विचारायला हवा.

तुमच्या गावापुरतं बोलायचं तर असं करा. उमेदवाराच्या माणसाकडून तुमच्या केंद्राच्या सतरा सी ची प्रत मागा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर नमुना २० मिळतो, त्यात केंद्रनिहाय मतं असतात. तुमच्या केंद्राच्या ओळीतली सगळ्या उमेदवारांची आणि नोटाची मतं मिळवून बेरीज करा आणि सतरा सी च्या एकूण आकड्याशी लावून बघा. टपाली मतं शेवटी वेगळी असतात, ती यात धरू नका. याने एक गोष्ट पक्की कळते: केंद्रावर पडली त्यापेक्षा कमी-जास्त मतं मोजली गेली का. कुणाचं मत कुणाला गेलं हे यातून कळत नाही, त्यासाठी चिठ्ठ्याच मोजाव्या लागतात. निकाल जाहीर होण्याआधी उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी नियम ५६ ड खाली तसा लेखी अर्ज करू शकतो, आणि मोजणीत फरक निघाला तर चिठ्ठ्यांचाच आकडा ग्राह्य धरतात. अर्ज मान्य करायचा की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो, पण नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. निकालानंतर हायकोर्टात निवडणूक याचिका करायला ४५ दिवस मिळतात, आणि ती मतदारालाही करता येते. केंद्रावरचं चित्रीकरणसुद्धा आता याचिका नसेल तर ४५ दिवसांपुरतंच ठेवतात. तेव्हा पुढच्या निवडणुकीला प्रत मागायची ती त्याच रात्री, आणि बेरीज करायची ती त्याच आठवड्यात. बेरीज जुळली नाही तर केंद्र क्रमांक आणि दोन्ही कागदांचे फोटो इथे टाका, मी बघतो.