भाषा नंतर, आधी जुना कोड

प्रिय मुली,

तू पाठवलेला तक्ता पाहिला. सी शार्प, पायथन, जावा. प्रत्येकापुढे गुण आणि खाली बेरीज. पतसंस्थेचा व्हीबी सिक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला प्रोग्रॅम कोणत्या नव्या भाषेत न्यावा, या विचारात तीन आठवडे गेले म्हणतेस. त्या तीन आठवड्यांत जुन्या प्रोग्रॅमचे किती फॉर्म, म्हणजे स्क्रीन आणि त्यांच्यामागचा कोड, उघडून वाचलेस? तुझ्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही, म्हणून जीव कळवळला.

आधी जुना कोड वाच.

२००३ साली मी एका संस्थेचा कर्जाचा प्रोग्रॅम जावात नेला. स्क्रीन देखण्या झाल्या. मार्चअखेर व्याज आकारलं आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकींचा ताळा, जुळेना. जिथे व्याजात नेमके पन्नास पैसे आले होते, तिथल्या काही खात्यांत एकेका रुपयाचा फरक. कितीतरी रात्री जागून कारण सापडलं. व्हीबीचं राउंड, म्हणजे अपूर्णांकाची पूर्ण संख्या करणारं फंक्शन, २.५ चे २ करतं आणि ३.५ चे ४. अर्धा आला की सम संख्येकडे जातं. जावाचं मॅथ डॉट राउंड २.५ चे ३ करतं. त्यात जुन्या प्रोग्रॅममध्ये पावती फॉरमॅट हे आकडा मांडून देणारं दुसरं फंक्शन वापरून छापलेली, आणि फॉरमॅट २.५ चे ३ छापतं! हे सगळं कोडात लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं.

जावा निवडली यात माझं चुकलं, असं मी आजही मानत नाही. तेव्हा लोक तसं म्हणाले, अजून म्हणतात. दुसरी कोणतीही भाषा घेतली असती तरी न वाचता मी तिथेच आपटलो असतो.

तेव्हा वाच. सभासदांची नावं जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेली असतील, तर डेटाबेसमध्ये नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतील. कोणत्या रकान्याला कोणता फॉन्ट, हे फॉर्मच्या कोडातच कळेल. ते कळल्याशिवाय युनिकोड या आजच्या प्रमाण अक्षरसंकेतात काय नेणार? ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ दिसलं की थांब. ती ओळ चुका गिळते, आणि कुणीतरी त्या गिळलेल्या चुकांवर वर्षानुवर्षं हाताने हिशेब जुळवत आलेलं असतं. त्या माणसाला जाऊन विचार.

भाषेचं उत्तर हवंच ना? सी शार्प घे. व्हीबीचा पुढचा अवतार असलेली व्हीबी डॉट नेट जवळची वाटेल, पण भाषा म्हणून ती पुढे वाढवणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने २०२० मध्येच सांगितलंय. सी शार्पचं मॅथ डॉट राउंडही, वेगळं काही सांगितलं नाही तर, सम संख्येकडेच जातं. रकमांसाठी व्हीबीतल्या करन्सी या प्रकाराच्या जागी डेसिमल हा प्रकार वापर. आणि एवढी घाई कसली? व्हीबी सिक्सच्या आयडीईचा, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या साधनाचा, सपोर्ट २००८ मध्ये संपला, पण रनटाइम, म्हणजे तयार प्रोग्रॅम चालवणारा भाग, आजच्या विंडोजवरही चालतो. वाचायला वेळ आहे.

रविवारी सकाळी घरी ये. तक्ता नको. व्याजाचं मॉड्यूल छापून आण, आणि गेल्या मार्चची तेरीज.

तुझा,
सर