वाचकांचे प्रश्न : येत्या सत्राचे वेळापत्रक

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेत असून रसायनशास्त्र हा माझा मेजर, म्हणजे मुख्य विषय आहे. गावाहून तालुक्याच्या महाविद्यालयात रोज एस.टी.ने ये-जा करते. येत्या सत्रासाठी ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुख्य विषयाखेरीज स्वतः निवडायचा विषय, आठ दिवसांत निवडून द्यावयाचा आहे. मैत्रिणी म्हणतात, सोपा विषय घे. घरचे म्हणतात, पुढे उपयोगी पडेल असा घे. दुपारच्या प्रॅक्टिकलला थांबले तर साडेपाचची शेवटची गाडी चुकते, ही अडचण वेगळीच. निवड कशी करावी?
– एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर : शेवटच्या गाडीचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी केला असला, तरी तुमच्या वेळापत्रकाची आखणी तेथूनच सुरू व्हायला हवी. प्रॅक्टिकलच्या बॅचेस बहुतेक ठिकाणी हजेरी क्रमांकानुसार पाडल्या जातात आणि एकदा यादी सूचनाफलकावर लागली की ती बदलून घेणे जिकिरीचे होते. म्हणून यादी लागण्यापूर्वीच विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या, त्यात गावाचे नाव आणि गाडीची वेळ स्पष्ट लिहा आणि सकाळची बॅच मागा. तुमच्या मार्गावरच्या आणखी काही विद्यार्थ्यांची हीच अडचण असेल, तर सर्वांनी मिळून प्राचार्यांमार्फत एस.टी.च्या आगार व्यवस्थापकांना गाडीची वेळ बदलण्याविषयी पत्र द्यावे. एकट्याने केलेल्या तोंडी विनंतीपेक्षा महाविद्यालयाच्या शिक्क्याचे पत्र अधिक गांभीर्याने घेतले जाते.

आता ओपन इलेक्टिव्हविषयी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने जी श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारा विषयाचा भार) रचना स्वीकारली, तिच्यात हा विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, म्हणजे तुम्हाला विज्ञानाबाहेर पाहावे लागेल. निवड मोकळी आहे असे माहितीपुस्तिकेत छापलेले असते, परंतु प्रत्यक्षात ती वेळापत्रकाच्या चौकटीत बसवलेली असते. अनेक महाविद्यालये ओपन इलेक्टिव्हसाठी सर्व शाखांचा एकच तास राखून ठेवतात, आणि त्या तासाला जे प्राध्यापक मोकळे असतील व जेवढ्या खोल्या रिकाम्या असतील, तेवढेच विषय खरोखर चालतात. तालुक्याच्या ठिकाणी, जेथे प्राध्यापकांच्या जागाच रिक्त असतात, तेथे यादीतले दहा विषय हे पुष्कळदा कागदावरचे दहा असतात. त्यामुळे “कोणता विषय सोपा?” याआधी “यांपैकी कोणता विषय नक्की चालणार आणि तो कोण शिकवणार?” हा प्रश्न कार्यालयात विचारा. पुरेशी नावनोंदणी झाली नाही तर विषय बंद करून विद्यार्थ्यांना दुसऱ्या विषयात हलवले जाते, आणि तोपर्यंत त्या नव्या विषयाचे दोन आठवड्यांचे तास बुडालेले असतात. आवडीचा दुसरा पर्यायही म्हणूनच मनात तयार असू द्या.

सोपेपणाविषयी माझे मत मैत्रिणींपेक्षा थोडे वेगळे आहे. ओपन इलेक्टिव्ह साधारणतः दोन किंवा चार श्रेयांकांचे असते. त्याचा अभ्यास भारी पडत नाही, भारी पडतात त्याच्या तारखा. अंतर्गत चाचणी, प्रकल्पवही आणि सादरीकरण हे सारे रसायनशास्त्राचे जर्नल (प्रयोगवही) सादर करण्याच्या आठवड्यातच येऊन पडले, तर सोपा विषयही अवघड होतो. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांकडून त्या विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या तारखा समजून घ्या. निवडीसाठी ही माहिती गुणांच्या चर्चेपेक्षा उपयोगी आहे.

एका गणिताकडे विद्यार्थी सहसा पाहत नाहीत. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक असतात. थिअरीच्या एका श्रेयांकासाठी सत्रात १५ तास वर्ग, तर प्रॅक्टिकलच्या एका श्रेयांकासाठी ३० तास प्रयोगशाळा अपेक्षित असते, आणि सत्र १५ आठवड्यांचे धरले जाते. समजा, तुमच्या २२ श्रेयांकांपैकी १६ थिअरीचे आणि ६ प्रॅक्टिकलचे आहेत, तर आठवड्याला १६ अधिक १२, म्हणजे २८ तास महाविद्यालयात जातील. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात मात्र प्रत्येक श्रेयांकामागे एकूण ३० तासांचा अभ्यास गृहीत धरलेला आहे, म्हणजे सत्रभरात ६६० तास आणि आठवड्याला ४४. उरलेले १६ तास घरी अथवा वाचनालयात बसून काढायचे आहेत, असे ही रचना न बोलता सांगते. रोज दोन-अडीच तास एस.टी.त जाणाऱ्या मुलीला हे १६ तास कोठून मिळणार, याचा विचार रचना करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही, पण तुम्हाला तो करावा लागेल. दोन तासांच्या मध्ये मोकळा पिरियड येत असेल तर तो कँटीनसाठी न ठेवता त्याच वेळी जर्नल पूर्ण करण्याची सवय लावा. गाडीत वाचन होते, लिखाण होत नाही. गणेशोत्सव आणि दिवाळी ही दोन्ही पहिल्या सत्रात येतात, तेव्हा १५ आठवडे हे कागदावरचे आहेत हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असून सी.ए. इंटरमिजिएटची तयारी करतो आहे. क्लास सकाळी सात ते दहा असतो आणि महाविद्यालयाचे तासही नेमके सकाळीच असतात. ‘परीक्षेला बसता येते, हजेरीचे पाहून घेऊ’ असे त्याचे म्हणणे. ते योग्य आहे काय?
– एक पालक, ठाणे

उत्तर : योग्य नाही. ७५ टक्के उपस्थितीच्या नियमातून सवलत मिळालेली अनेकांनी पाहिली असल्यामुळे तो नसल्यासारखाच वागवला जातो. मात्र सत्र संपताना अनुपस्थितांची यादी लागली, की पालकांना हमीपत्र घेऊन प्राचार्यांच्या दारात उभे राहावे लागते. शिवाय नव्या रचनेत अंतर्गत गुणांचा वाटा मोठा असून ते वर्गात हजर राहणाऱ्यालाच मिळवणे शक्य असते.

आपण दोन्ही परीक्षांच्या तारखा एका कागदावर मांडून पाहाव्यात. २०२४ पासून इंटरमिजिएटची परीक्षा वर्षातून तीनदा, साधारणतः जानेवारी, मे आणि सप्टेंबर या महिन्यांत होते, तर विद्यापीठाच्या सत्रपरीक्षा बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये असतात. सप्टेंबरची परीक्षा धरली तर पहिल्या सत्राच्या अंतर्गत चाचण्या त्याच सुमारास येतात. जानेवारी धरली तर दिवाळीनंतरचा काळ बराच मोकळा मिळतो. माझ्या मते येत्या सत्रात सप्टेंबरचा हट्ट धरू नये. क्लासची संध्याकाळची बॅच असेल तर ती पाहावी, आणि महाविद्यालयात दुपारची तुकडी असेल तर सत्र सुरू होण्यापूर्वीच तुकडी बदलून घ्यावी. सत्र सुरू झाल्यावर ही विनंती सहसा मान्य होत नाही.

प्रश्न : वेळापत्रकात न बसणारा एक विषय ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या शैक्षणिक संकेतस्थळावर ऑनलाइन करून त्याचे श्रेयांक मिळतील का? आणि त्याच वेळी मुक्त विद्यापीठातून दुसरी पदवी करता येईल का?
– तृतीय वर्ष कला शाखेचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : दोन्ही शक्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरील विषयांतून घेण्यास विद्यापीठे परवानगी देऊ शकतात. परंतु आपल्या विद्यापीठाने आणि विभागाने तो विशिष्ट विषय मान्य केला आहे काय, याची लेखी खात्री नोंदणीपूर्वीच करून घ्या. विषय पूर्ण करून आल्यावर समतुल्यतेसाठी, म्हणजे तो आपल्या अभ्यासक्रमातील विषयाच्या बरोबरीचा धरला जावा यासाठी, धावाधाव करणाऱ्यांच्या हाती पुष्कळदा नुसते प्रमाणपत्र राहते.

दुसऱ्या पदवीबाबत आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. दोन्ही पदव्या प्रत्यक्ष वर्गातून करावयाच्या असतील तर त्यांच्या तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक पदवी मुक्त वा दूरस्थ पद्धतीने असल्यास ही अडचण राहत नाही, परीक्षांच्या तारखांची मात्र राहते. ‘स्वयम्’वर विषयाची नोंदणी विनामूल्य असली तरी परीक्षेसाठी वेगळा अर्ज व शुल्क भरावे लागते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, तेव्हा तिन्ही ठिकाणच्या परीक्षांच्या तारखा जाहीर होताच ताडून पाहा.